दोन दशांश मिलिमीटरची भावबंदकी

सायकलच्या साखळीत एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच. दूधवाल्याच्या काळ्या सायकलला तेवढंच, टूर द फ्रान्सच्या विजेत्यालाही तेवढंच. शंभरहून अधिक वर्षं सायकलच्या धंद्यात एवढ्या एका गोष्टीवर एकमत आहे, आणि तेही काहींच्या डोळ्यांत खुपतं. सत्तरच्या दशकात जपानच्या शिमानोने वेलोड्रोमवरच्या सायकलींसाठी दहा मिलिमीटरची साखळी काढून पाहिली. फार काळ चालली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या स्रॅमने जास्त हुशारी केली. अंतर अर्धा इंचच ठेवलं, आतले रूळ तेवढे जाड केले. एकमत शाबूत राहिलं आणि दुसऱ्या कंपनीची साखळी आपोआप बाद झाली.

बाकी सगळ्या मापांत या धंद्यात निव्वळ भावबंदकी आहे. एकाच कुळातले, एकाच नावाचे, पण एकमेकांच्या ओसरीवर बसायला तयार नाहीत. आणि भांडण बहुतेक वेळा ०.२ मिलिमीटरचं! पोस्टकार्डाच्या जाडीचं म्हणा हवं तर. माळ्यावरची जुनी रेसिंग सायकल खाली काढून पुसून दुकानात नेणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं. तिथला संवाद ठरलेला असतो.

“मागचा एवढा एक गिअर बदलून दे रे.”

“काका, कुठल्या सालची आहे?”

“शहात्तरची. रॅले. अस्सल इंग्लंडची.”

“मग गिअर नाही मिळायचा. नवीन सायकल दाखवू?”

पोरगा खोटारडा नसतो. त्याला नवं विकायला शिकवलेलं असतं, जुनं मोजायला कुणी शिकवलेलं नसतं.

टेन-स्पीडचा सापळा

१९७३ साली एकट्या अमेरिकेत दीड कोटींच्या आसपास सायकली विकल्या गेल्या. त्या लाटेतली लाडकी वस्तू म्हणजे ‘टेन-स्पीड’. म्हणजे पुढे दोन चेनव्हील, मागे पाच चकत्या; पाच दुणे दहा. आज दुकानात ‘टेन-स्पीड’ म्हटलं की एकट्या मागच्या चाकावर दहा चकत्या. पुढच्यांचा हिशेब वेगळा.

आता काका विचारतात, “टेन-स्पीडची चेन आहे का?” पोरगा म्हणतो, “आहे.” दोघंही खरं बोलतात आणि साखळी चुकीची येते. जुनी साखळी आतून २.४ मिमी, नवी २.२. आले की नाही दोन दशांश! जुन्या जाड दात्यांवर नवी साखळी नीट खाली बसत नाही, वरच्या वर चढते आणि पायडलवर जोर दिला की घसरते. मग काका सायकलला शिव्या देतात आणि पोरगा काकांच्या वयाला.

फ्रेंच, इंग्रज आणि छत्तीसचा आकडा

पायडलचे क्रँक ज्या दांड्यावर फिरतात तो बॉटम ब्रॅकेट, आपल्या मिस्त्र्यांच्या भाषेत बीबी, फ्रेममध्ये आट्यांवर बसतो. इंग्रजी आटा १.३७ इंचाचा, म्हणजे ३४.८ मिमी, इंचाला २४ फेरे. फ्रेंच आटा ३५ मिमी. फरक किती? दोन दशांश. इटालियन आटा ३६ मिमी, त्यामुळे त्याचा उरलेल्या दोघांशी छत्तीसचा आकडा असणं रीतसरच आहे.

बरं, मापापुरतं भांडण असतं तरी चाललं असतं. इंग्रजांनी उजव्या बाजूचा आटा उलटा ठेवला, म्हणजे पायडल मारता मारता कप आपोआप सैल होत नाही. फ्रेंच आणि इटालियन मंडळींनी दोन्ही बाजूंना सुलटेच आटे ठेवले. कप सैल होतो तर होवो, इंग्रजांची नक्कल केली असं कुणी म्हणायला नको. तटस्थ म्हणून जगभर नावाजलेल्या स्विस लोकांनी यात तोडगा काढला: माप फ्रेंचांचं, दिशा इंग्रजांची. परिणामी चौथं माप जन्माला आलं. प्रत्येक तडजोडीतून एक नवा वाद निघतो, हे आपल्याकडच्या सोसायट्यांच्या सभांनाच लागू आहे असं नव्हे.

फ्रेंचांचं इंग्रजांशी जमत नाही, हे इतिहास म्हणून सोडून देऊ. पण त्यांचं आपसांत तरी? क्रँक ओढून काढायचं हत्यार बहुतेक जगात २२ मिमीचं. फ्रान्समधल्या टीए कंपनीच्या क्रँकला ते २३ मिमीचं लागतं, आणि फ्रान्समधल्याच स्ट्रॉंगलाइटच्या जुन्या क्रँकला २३.३५ चं. हँडलचा स्टेम इतरांचा २२.२ मिमी, फ्रेंच २२.० मिमी. पुन्हा तेच दोन दशांश! जुन्या प्युजो सायकलीत नवा स्टेम बसवायचा तर तो पॉलिश पेपरने घासायचा, एवढाच उपाय. मापांचा वाद मिटवण्यासाठी मीटर जगाला देणारा देश हाच बरं का.

याच देशातल्या माईयार कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘हेलिकोमॅटिक’ नावाचा हब काढला. मागच्या चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, चुटकीसरशी निघणार! निघतही होतं. पण छर्रे लहान, ते लवकर झिजायचे, आणि या हबवर दुसऱ्या कुणाचं फ्रीव्हील चालायचं नाही. सोबत मिळणाऱ्या हत्याराच्या एका अंगाला मात्र बाटली उघडायची सोय होती. ग्राहकाला पुढे कशाची गरज पडणार, याचा कंपनीने नीट विचार केलेला दिसतो.

‘खट्’ची किंमत

आता मुख्य आरोपीकडे वळू.

जुन्या रेसिंग सायकलीच्या खालच्या तिरप्या दांडीवर दोन छोटे लिव्हर असतात. त्यांना खाचा नाहीत, आकडे नाहीत. ओढाल तेवढी तार सरकते, तार सरकेल तेवढा साखळीला चकत्यांवरून सरकवणारा डिरेल्यर हलतो. साखळी नेमकी कुठल्या चकतीवर थांबवायची हे लिव्हरला कळत नाही, तुमच्या बोटांना आणि कानांना कळतं. म्हणून या लिव्हरला मागे पाच चकत्या द्या, सात द्या, नऊ द्या, कुठल्याही कंपनीच्या द्या; त्याची तक्रार नसते.

१९८४-८५ च्या सुमारास शिमानोने ड्युरा-एस या आपल्या सर्वांत वरच्या मालिकेवर नवी पद्धत आणली. लिव्हरला खाचा. एक ‘खट्’ म्हणजे एक गिअर. छानच होतं ते. त्यासाठी लागणारा तिरप्या चौकटीचा डिरेल्यर मुळात सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीचा, १९६४ चा. त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि ही कल्पना सगळ्यांना मोकळी झाली. पुढच्या दहाएक वर्षांत सनटूरचे गिअर रेसिंग सायकलींवरून उठले. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट चालवायची आणि मग विहीरवाल्यालाच पाणी विकायचं, याला उद्योगधंद्यात दूरदृष्टी म्हणतात.

पण त्या ‘खट्’ची एक अट होती. लिव्हर किती तार ओढतो, डिरेल्यर त्या तारेवर किती सरकतो आणि दोन चकत्यांत अंतर किती, हे तिन्ही हिशेब तंतोतंत जुळायला हवेत. म्हणून लिव्हर आमचा, डिरेल्यर आमचा, फ्रीव्हील आमचं, साखळी आमची, आणि तारेवरचं आवरणसुद्धा आमचंच. तोवर सायकलवीर इटलीचा डिरेल्यर, फ्रान्सचं फ्रीव्हील आणि जपानचे लिव्हर एकत्र नांदवत होते. ‘खट्’ झालं आणि हे संमेलन संपलं. १९९० मध्ये गिअर ब्रेकच्या लिव्हरमध्ये शिरले आणि उरलीसुरली वाटही बंद झाली.

दर पिढीला दोन दशांश

इटलीतल्या व्हिचेंझाच्या कॅम्पान्योलोने मग स्वतःचं ‘खट्’ काढलं. शिमानोच्या आठ चकत्यांत दोन चकत्यांमधलं अंतर ४.८ मिमी, कॅम्पान्योलोच्या आठांत ५.०. नऊ झाल्या तेव्हा शिमानो ४.३५, कॅम्पान्योलो ४.५५. दहा झाल्या तेव्हा ३.९५ आणि साधारण ४.१५. तीन पिढ्या गेल्या, बांधाचा दगड दोन दशांशावरून हलला नाही. अकराव्या चकतीला दोघांची मापं इतकी जवळ आली की लोक एकाच्या चाकावर दुसऱ्याचे गिअर सुखाने चालवू लागले. समेट झाला म्हणेपर्यंत बाराव्या चकतीने दार ठोठावलं.

परक्यांशी भांडण एक वेळ समजू शकतं. शिमानोचं शिमानोशी तरी पटतं का? १९९६ पर्यंतच्या ड्युरा-एसचा मागचा डिरेल्यर शिमानोच्याच दुसऱ्या कुठल्या लिव्हरवर नीट चालत नाही. थोरल्या वाड्याचा तारेचा हिशेब वेगळा, धाकट्यांचा वेगळा. २००३ च्या दहा चकत्यांच्या ड्युरा-एस हबचे कंगोरे इतके उंच केले की त्यावर नऊ चकत्यांची कॅसेट चढतच नाही. आणि शिमानोचीच २०१५ ची टियाग्रा मालिका पाहा. चकत्या दहा, तारेचा हिशेब अकराचा. म्हणजे दहाच्या जुन्या घराण्यात तिला प्रवेश नाही आणि अकराच्या घराण्यात ती एक चकती कमी म्हणून उणी.

मागच्या चाकाच्या जागेचंही तेच. पाच चकत्यांच्या काळात मागच्या दोन दांड्यांमध्ये १२० मिमी जागा असायची. सहा-सातला १२६ झाली. आठपासून अकरापर्यंत १३०. आता डिस्क ब्रेकवाल्यांना १४२ लागते. फ्लॅटची जागा कमी होत असताना सायकलीच्या कुल्ल्याला मात्र दर पिढीला वाढीव चटई क्षेत्र मंजूर होतं.

बॅटरीवाले नवश्रीमंत

ज्यांना वाटतं की हे सगळं तारांच्या जमान्यातलं दुखणं, त्यांच्यासाठी २००९ चा विजेवर चालणारा ड्युरा-एस. बटण दाबा, मोटर गिअर बदलते. दोनच वर्षांनी त्याच कंपनीने अल्टेग्रा या दुसऱ्या मालिकेसाठी वायरिंगची पद्धतच बदलली. जुनी वायर नव्याला लागत नाही, नवी जुन्याला नाही. २०२१ मध्ये बारा चकत्या आल्या तेव्हा वायर पुन्हा बदलली. आणखी बारीक झाली.

म्हणजे १९७६ च्या रॅलेचा गिअर बिघडला तर एखादा शहाणा मिस्त्री पान्हा घेऊन मार्ग काढू शकतो. २००९ च्या त्या महागड्या गिअरचा सुटा भाग हवा असेल तर जुनापुराणा माल धुंडाळायचा. कुठली सायकल ‘जुनी’ आणि कुठली ‘जुनाट’, हे साल पाहून ठरत नाही. दुरुस्त करता येते का, यावर ठरतं.

जुन्याची आरतीही पुरे

याचा अर्थ जुनं ते सोनं असाही नव्हे. इटलीत तोस्कानातल्या गायोले गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची सायकलवारी भरते. सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरचे लिव्हर दांडीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून आलेल्या हव्यात, पायडलला पट्टे हवेत. नियम सोवळ्यातले. पण एका बाबतीत सोवळं जरा सैल आहे: चढ झेपावा म्हणून मूळच्याहून सोपे दाते लावायची मुभा. पांढऱ्या मातीच्या त्या टेकड्या चढताना भल्याभल्यांचा इतिहासप्रेमाचा घाम निघतो, हे आयोजकांना ठाऊक आहे.

कॅम्पान्योलोच्या नुओव्हो रेकॉर्ड या जुन्या गिअर-संचाचं नाव काढलं की रसिक डोळे मिटतात. डोळे उघडून बघा. त्याचा मागचा डिरेल्यर २६ दात्यांच्या वर जायला नकार देतो आणि सोबतच्या क्रँकवर ४१ दात्यांपेक्षा लहान चेनव्हील बसत नाही. ही जोडी घेऊन सिंहगडाचा घाट चढून दाखवा. वरती पिठलं-भाकरी आमच्यातर्फे. आजच्या साध्या सायकलीवर पुढे ३४, मागे ३४ सहज मिळतात. जुन्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे आत ढकलले गेल्याने मागचा एक्सल वाकायचा, मोडायचा. नव्या फ्रीहबने ते दुखणं खरंच बरं केलं. सुधारणा झाल्या हे कबूल. मात्र त्या सुधारणांसाठी प्रत्येक वेळी सगळं घर पाडून नवं बांधायची गरज होती, हे कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

तर मग रॅलेचं काय करायचं?

आता कामाचं. दुकानातल्या पोराने ‘नाही’ म्हटलेली शहात्तरची रॅले.

तिच्या मागच्या हबवर फ्रीव्हील ज्या आट्यांवर फिरून बसतं तो इंग्रजी आटा १.३७ इंच, २४ फेरे. हा बीएसए आटा म्हणून ओळखला जातो. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बंदुका करणारा कारखाना. बंदूकवाल्यांना जी शिस्त जमली ती सायकलवाल्यांना पुढे शंभर वर्षं जमली नाही. त्या कृपेने आज आपल्या बाजारात पोरांच्या गिअरच्या सायकलीला जे साधं सहा-सात चकत्यांचं फ्रीव्हील मिळतं, शिमानोच्या सर्वांत स्वस्त टूर्नी मालिकेतलं, ते त्याच आट्याचं आहे. म्हणजे ‘खट्’ आणणारी कंपनीच तुमच्या खटविरहित सायकलला आजही माल पुरवते. फक्त तो काचेच्या कपाटात नसतो. मागच्या खोलीत, खोक्यात असतो. मागायला लाज वाटू देऊ नका.

साखळी सहा-सात-आठ चकत्यांची घ्या. ‘टेन-स्पीड’ हा शब्द दुकानात तोंडातून काढू नका. मागची जागा कमी पडत असेल आणि फ्रेम स्टीलची असेल तर जाणता कारागीर ती १२० ची १२६, १२६ ची १३० करून देतो. दोन्ही बाजू सारख्या ताणून, दोरा लावून तपासून. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये. ती ताणली जात नाही, तुटते.

बीबी फ्रेंच निघाली तरी छाती पिटायचं कारण नाही. कॅलिफोर्नियाच्या फिल वुड कंपनीने फार पूर्वी शहाणपण केलं: आतला गाभा एकच, त्याला धरणाऱ्या बाहेरच्या कड्या मात्र इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, स्विस अशा वेगवेगळ्या. ज्याची फ्रेम, त्याची कडी. अशी युक्ती एका लहान कंपनीला सुचते आणि मोठ्यांना सुचत नाही, याचं कारण डोक्यात नसून ताळेबंदात असावं. एकाच्या लिव्हरने दुसऱ्याचा डिरेल्यर हलवायचा तर तारेच्या वाटेत लावायची एक छोटी दुहेरी कप्पीसुद्धा मिळते. ती तारेचा हिशेब एका बोलीतून दुसऱ्या बोलीत करून देते. दोन कंपन्यांना जे बोलता येत नाही ते एका कप्पीला येतं.

आणि दांडीवरचे ते दोन बिनखाचांचे लिव्हर? अंगठ्याएवढी ती जोडी काढून टाकू नका. सायकलवरचा सगळ्यांशी जुळवून घेणारा अवयव तोच आहे. बाकी सगळे कुणा ना कुणा घराण्याचे.

सरकारदरबारी

ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या. सायकल त्या चौघांत नाही. सायकलचं काय बिघडणार, असं कुणाला वाटलं असावं. कोपऱ्यावरचा मिस्त्री करून देईल की!

तो करून देतोही. पण कंपन्या मापं जाहीर करणार नसतील, तार किती ओढली जाते हे सांगणार नसतील आणि पाच वर्षांत सुटे भाग बंद करणार असतील तर मिस्त्री करील काय? मागणी मोठी नाही. सायकल विकताना आट्याचं माप, मागच्या जागेचं माप आणि गिअर कुठल्या हिशेबाचा हे तीन आकडे फ्रेमवर कोरून द्या. मोटारीच्या टायरवर माप छापलेलं असतं, बल्बवर व्होल्ट छापलेले असतात. लाखाच्या सायकलवर कंपनीचं नाव सात ठिकाणी छापतात. एक ओळ मापाचीही छापा.

तोपर्यंत वाचकांनी आपली काळजी आपण घ्यावी. घरात जुनी रेसिंग सायकल असेल तर दुकानात जाण्याआधी पट्टी घेऊन बसा. मागची जागा मोजा, चकत्या मोजा. बीबीच्या नळकांड्याची रुंदी मोजा: ७० मिमी भरली तर इटालियन, ६८ भरली तर इंग्रजी, फ्रेंच किंवा स्विस, मग कपावर कोरलेला आकडा वाचा. सगळं कागदावर लिहून तो कागद काउंटरवर ठेवा. आणि जुनी सायकल विकत घ्यायला निघाला असाल तर रंग, स्टिकर, कंपनीचा बिल्ला हे सगळं शेवटी बघा. आधी आटे बघा.